पुढची लढाई कोणती, ते आधी विचारा
‘स्ले द स्पायर’ खेळायला बसणाऱ्यांसाठी

‘स्ले द स्पायर’ नव्याने खेळणारे बहुतेकजण एकाच रीतीने हरतात. प्रत्येक लढाई जिंकली की खेळ तीन पानं समोर ठेवतो आणि त्यातलं एक घ्यायची मुभा देतो. नवा खेळाडू सगळ्यांत जोरदार दिसणारं पान उचलतो. पुढच्या लढाईनंतरही तेच. पहिल्या बॉससमोर उभं राहीपर्यंत त्याच्या डेकमध्ये जोरदार पानांची गर्दी झालेली असते, पण जे पान ज्या क्षणी हवं, ते तेव्हा हातात येत नाही. मग दोष नशिबाला जातो.

या खेळात नशीब आहे, पण निकाल बहुतेक वेळा ते ठरवत नाही. कसलेले खेळाडू सर्वांत अवघड पातळीवर, म्हणजे असेन्शन २० वर, सलग कित्येक डाव जिंकतात. त्यांनाही तुमच्यासारखीच तीन-तीन पानं मिळतात. पान उचलण्याआधी ते मनाशी एक प्रश्न विचारतात: माझ्या वाटेत पुढे कोण उभं आहे, आणि हे पान त्याच्यासमोर काय करील? या प्रश्नाची सवय लागली की अर्धा खेळ आला. ती कशी लावायची, हे इथे क्रमाने सांगतो.

खेळाची ओळख

सिॲटलमधल्या ‘मेगा क्रिट’ या छोट्या कंपनीचे अँथनी जियोव्हानेटी आणि केसी यानो यांनी हा खेळ घडवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच खेळाडूंच्या हाती दिला गेला, त्यांच्या सूचनांवर घासला गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण रूपात आला. खेळता खेळता आपला डेक बांधत जाण्याची कल्पना टेबलावरच्या पत्त्यांच्या खेळांतली. २००८ चा ‘डॉमिनियन’ हे तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. या दोघांनी तिला मनोऱ्याच्या चढाईची जोड दिली. मेलात की सगळं गेलं, पुन्हा तळापासून सुरुवात.

आज तो संगणकावर, कन्सोलवर, आयफोनवर आणि अँड्रॉइडवरही मिळतो. आपल्याकडे मोबाइलवर पत्ते म्हटलं की पैसे लावून खेळायची रमी आठवते आणि घरातली मोठी माणसं धास्तावतात. ती धास्ती रास्त होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. ‘स्ले द स्पायर’ त्या जातीचा नाही. इथे एकदाच किंमत मोजून खेळ विकत घ्यायचा असतो. पैज नाही, समोर दुसरा माणूस नाही आणि जास्त पैसे देऊन चांगली पानं मिळवायची सोयही नाही. खेळातला मजकूर इंग्रजीत असला तरी तेच ते शब्द सतत येतात. दहा-बारा शब्द समजले की भाषेची अडचण उरत नाही.

पहिली टर्न नीट खेळा

सुरुवात आयर्नक्लॅड या योद्ध्यापासून करा. त्याची ८० ची जीवनशक्ती चारही पात्रांत सर्वाधिक आहे आणि प्रत्येक लढाईनंतर त्याला ६ परत मिळते, म्हणून शिकताना झालेल्या चुका तो पोटात घालतो. त्याचा सुरुवातीचा डेक दहा पानांचा: पाच ‘स्ट्राइक’ (६ मार), चार ‘डिफेंड’ (५ ब्लॉक) आणि एक ‘बॅश’. दर टर्नला पाच पानं हातात येतात आणि खर्चायला ३ एनर्जी मिळते. टर्न संपली की उरलेली पानं टाकलेल्या ढिगात जातात. उचलायचा ढीग संपला की टाकलेली पानं पिसून पुन्हा वापरात येतात. ब्लॉक त्या टर्नपुरताच; तुमची पुढची टर्न सुरू होताच तो नाहीसा होतो.

आता शत्रूच्या डोक्यावर पाहा. तो या टर्नला काय करणार, याचं चिन्ह तिथे दिसतं. तलवार आणि आकडा असेल तर तेवढा मार येणार. हे चिन्ह म्हणजे इंटेंट, आणि तुमची सगळी गणितं त्याच्यावर उभी आहेत. ‘कल्टिस्ट’ नावाचा पक्ष्याच्या मुखवट्याचा शत्रू पहिल्या टर्नला मंत्र म्हणतो आणि मारत नाही. तेव्हा ‘डिफेंड’ खेळणं म्हणजे एनर्जी पाण्यात घालणं. त्यानंतर त्याचा मार ६, मग ९, मग १२ असा चढत जातो. म्हणजे पहिल्या टर्नला सगळी एनर्जी हल्ल्यात घाला आणि तो जड व्हायच्या आत संपवा.

पानांचा क्रमही महत्त्वाचा. ‘बॅश’ला २ एनर्जी लागते, ते ८ मार देतं आणि शत्रूला दोन टर्न ‘व्हल्नरेबल’ करतं, म्हणजे त्याला हल्ल्यांचा मार दीडपट बसतो. आधी ‘स्ट्राइक’ आणि मग ‘बॅश’ खेळलात तर ६ आणि ८ मिळून १४. आधी ‘बॅश’ आणि मग ‘स्ट्राइक’ खेळलात तर ८ आणि ९ मिळून १७. पानं तीच, एनर्जी तीच, फरक तीनचा. पुढे पानं वाढली की हाच फरक तीसचा होतो. म्हणून टर्न संपवण्याआधी हातातल्या पाचही पानांचा हिशेब एकदा मांडा. खेळात घड्याळ नाही, घाईचं काही कारण नाही.

मेंढीकोट खेळताना कोणत्या मेंढ्या उतरल्या आणि कोणत्या अजून हातांत आहेत हे ध्यानात ठेवणारा भिडू कसा डाव ओढून नेतो, ते आपण पाहिलेलं असतं. इथे तर स्मरणशक्तीही ताणावी लागत नाही. कोपऱ्यातल्या ढिगावर बोट ठेवलं की त्यात कोणती पानं उरली आहेत ते दिसतं. फक्त त्यांचा क्रम कळत नाही. दहा पानांच्या डेकमध्ये पहिल्या टर्नची पाच पानं पाहिलीत की दुसऱ्या टर्नची पाच तुम्हाला आधीच ठाऊक झाली. पुढच्या टर्नला ‘डिफेंड’ येणार नाहीत हे माहीत असेल, तर आजचा निर्णय बदलतो.

नाही म्हणायला शिका

वरच्याच हिशेबातून डेकबांधणीचा मुख्य नियम निघतो. दहा पानांच्या डेकमधलं सर्वोत्तम पान दर दोन टर्नला एकदा हातात येतं. डेक वीस पानांचा झाला की चार टर्नला एकदा, तीस पानांचा झाला की सहा टर्नला एकदा. सुरुवातीच्या पुष्कळ लढाया तीन ते पाच टर्नमध्ये संपतात. म्हणजे तीस पानांच्या डेकमधलं तुमचं लाडकं पान एखाद्या लढाईत दिसणारही नाही. घेतलेलं प्रत्येक पान आधीच्या प्रत्येक पानाला मागे ढकलतं.

म्हणून तीन पानांच्या खाली असलेलं ‘स्किप’ हे बटण मनापासून वापरा. तिन्ही पानं तुमच्या सरासरी पानापेक्षा बरी नसतील तर काहीही न घेणं हाच उत्तम निर्णय असतो. मात्र याचा अतिरेकही करू नका. पहिल्या ॲक्टच्या, म्हणजे चढाईच्या पहिल्या टप्प्याच्या, सुरुवातीला तुमचं सरासरी पान ‘स्ट्राइक’ आणि ‘डिफेंड’ आहे, आणि त्यांच्या जोरावर पहिला बॉस पडत नाही. तिथे बरी पानं घ्यावीच लागतात. डेक घडत जाईल तशी निवड कडक करत न्या.

डेक लहान ठेवायचा दुसरा मार्ग दुकानातून जातो. दुकानदार एक पान कायमचं काढून टाकतो. पहिल्यांदा ७५ सुवर्णमुद्रा लागतात आणि नंतर दर वेळी २५ ने दर चढतो. चढाईच्या सुरुवातीला तुमच्याकडे ९९ मुद्रा असतात, त्यामुळे पहिलं पान लवकर काढता येतं. बहुतेक वेळा आधी ‘स्ट्राइक’ काढा, कारण सहाचा मार लवकरच निरुपयोगी होतो, तर पाचचा ब्लॉक बराच काळ कामी येतो. नवं झळझळीत पान विकत घेण्यापेक्षा जुनं कमजोर पान काढणं अनेकदा जास्त ताकद देतं. हे प्रथम पटत नाही, पण दोन-चार डाव करून पाहा.

पान घ्या, ते पुढच्या प्रश्नासाठी

नवा खेळाडू आणखी एका ठिकाणी अडकतो. त्याला पहिल्या मजल्यावरच डेकची ‘थीम’ ठरवायची असते. उदाहरणार्थ, ‘बॅरिकेड’ मिळालं की ब्लॉक टर्नमागून टर्न साठत राहील, ‘एंट्रेंच’ तो दुप्पट करील आणि ‘बॉडी स्लॅम’ तेवढ्याच ब्लॉकचा मार देईल. जोडी खरोखर जबरदस्त आहे. पण ‘बॅरिकेड’ हे दुर्मीळ पान आहे आणि ते दिसेलच याची खात्री नाही. त्याची वाट पाहत पुढची पानं नाकारणारा खेळाडू सहाव्या-सातव्या मजल्यावरच मरतो. जोडी जुळू द्या, तिच्यावर डाव लावू नका.

त्याऐवजी प्रत्येक ॲक्ट कोणती परीक्षा घेतो ते ओळखा.

पहिला ॲक्ट विचारतो: तुमचा मार लगेच बसतो का? इथल्या एलिट, म्हणजे साध्यांपेक्षा तगड्या, शत्रूंपैकी ‘ग्रेमलिन नॉब’ तुम्ही खेळलेल्या प्रत्येक ‘स्किल’ पानागणिक ताकद वाढवत जातो, आणि ‘डिफेंड’ हे स्किलच आहे. म्हणजे त्याच्यासमोर बचाव करत बसलात की तोच तुम्हाला चिरडतो. थेट मार हाच उपाय. ‘सेंट्री’ तिघे असतात आणि तुमच्या डेकमध्ये ‘डेझ्ड’ नावाची निरुपयोगी पानं कोंबतात, तेव्हा सर्वांना एकदम लागणारं ‘क्लीव्ह’ (सर्व शत्रूंना ८ मार) कामाचं. ‘लॅगाव्हुलिन’ झोपलेला असतो. तो जागा होण्याआधी तयारीची पानं खेळून घ्यावीत आणि जागा झाला की वेगाने संपवावा, नाहीतर तो तुमची ताकद शोषत राहतो. म्हणून पहिल्या सात-आठ मजल्यांवर दोन-तीन चांगली हल्ल्याची पानं हवीतच. ‘पॉमेल स्ट्राइक’ हे त्यांपैकी एक: १ एनर्जीत ९ मार आणि वर एक पान उचलायला मिळतं.

या ॲक्टच्या शेवटी कोणता बॉस आहे, हे नकाशाच्या टोकाला पहिल्या मजल्यापासून दिसतं. ते चिन्ह न पाहता पान निवडू नका. ‘स्लाइम बॉस’ असेल तर त्याची १४० जीवनशक्ती निम्म्यावर येताच तो दोन तुकड्यांत फुटतो, आणि त्या क्षणी जेवढी जीवनशक्ती उरली असेल तेवढी प्रत्येक तुकड्याला मिळते. म्हणजे त्याला ७० च्या थोडं वर आणून ठेवायचं आणि पुढचा एकच घाव शक्य तितका मोठा घालायचा. ७१ वरून २० च्या एका घावाने ५१ वर आणलात तर दोन्ही तुकडे ५१ चे; ६९ वर फोडलात तर दोन्ही ६९ चे. मोठा घाव घालणारं एखादं पान या बॉससाठी सोन्याच्या मोलाचं ठरतं.

दुसरा ॲक्ट विचारतो: एकाच वेळी अनेकांचा, मोठा मार सोसता येतो का? इथे बहुतेक नव्या खेळाडूंचे डाव संपतात. तीन-तीन शत्रू एकत्र येतात आणि ‘बुक ऑफ स्टॅबिंग’ एका टर्नला अनेक वार करतं. आता चांगला ब्लॉक हवा: ‘श्रग इट ऑफ’ १ एनर्जीत ८ ब्लॉक देतं आणि एक पानही उचलून देतं. ‘वीक’ लावणारी पानंही इथे चमकतात, कारण त्यांच्यामुळे शत्रूचा मार पाव हिश्शाने घटतो. १२ चा वार ९ वर येतो.

तिसरा ॲक्ट विचारतो: लढाई लांबली तर तुमची ताकद वाढत जाते का? शेवटच्या बॉसची जीवनशक्ती एवढी असते की ठरावीक माराने ती संपत नाही. टर्नगणिक वाढणारं काहीतरी हवं. आयर्नक्लॅडचं ‘डेमन फॉर्म’ दर टर्नला ताकद वाढवतं. सायलेंट या पात्राकडे विष आहे. ५ चं विष ५, ४, ३, २, १ असं उतरत एकूण १५ मार देतं आणि वर आणखी विष चढवता येतं. पण इथेही बॉस पाहूनच ठरवा. ‘टाइम ईटर’ तुम्ही बारा पानं खेळलात की तुमची टर्न तिथेच संपवतो आणि स्वतःची ताकद वाढवतो. शून्य एनर्जीची लहान लहान पानं भराभर खेळणारा डेक त्याच्यासमोर अडकतो. ‘अवेकन्ड वन’ पहिल्या रूपात तुमच्या प्रत्येक ‘पॉवर’ (लढाईभर परिणाम टिकणाऱ्या) पानागणिक ताकद वाढवतो.

जीवनशक्ती खर्चायला शिका

जीवनशक्ती जपून ठेवायची ठेव आहे, असं नव्या खेळाडूला वाटतं. खरं तर ते भांडवल आहे. सुरुवातीच्या पातळीवर ॲक्टचा बॉस पडला की जीवनशक्ती पूर्ण भरते. म्हणजे बॉस मारल्यानंतर उरलेल्या ६० चा आणि १० चा उपयोग सारखाच. ती आधीच खर्चून काय मिळवलंत, हे महत्त्वाचं. आणि ती खर्चायची उत्तम जागा म्हणजे एलिट शत्रू, कारण तो पाडला की रेलिक, म्हणजे सोबत राहून लाभ देणारी वस्तू, हमखास मिळतं, आणि रेलिकचा लाभ चढाईच्या शेवटापर्यंत टिकतो.

म्हणून ॲक्टच्या सुरुवातीलाच नकाशा वाचा. वाट तळाकडून नव्हे, टोकाकडून मागे आखत या. पहिल्या पाच मजल्यांवर एलिट नसतात, नवव्या मजल्यावर पेटी असते आणि बॉसच्या आधी शेकोटी ठरलेली. पहिल्या ॲक्टमध्ये पहिल्या तीन साध्या लढाया सौम्य असतात. त्या टाळू नका, त्यांतूनच पानं मिळतात. एलिटच्या आधी किंवा लगेच नंतर शेकोटी असलेली वाट निवडा. दोन वाटा सारख्याच वाटत असतील तर जिच्यावर पुढे फाटा आहे ती घ्या, म्हणजे प्रकृती पाहून एलिट गाठता येईल किंवा टाळता येईल.

शेकोटीवर दोन पर्याय: विश्रांती घेऊन कमाल जीवनशक्तीच्या ३० टक्के परत मिळवायची, किंवा एक पान कायमचं सुधारून घ्यायचं. सुधारलेलं पान पुढच्या प्रत्येक लढाईत तुमचा मार वाचवतं, म्हणून पुढची लढाई झेपणार असेल तर सुधारणाच घ्या. ‘बॅश’ सुधारलं की १० मार आणि तीन टर्न ‘व्हल्नरेबल’. पुढची लढाई झेपणार नसेल तर मात्र निमूट विश्रांती घ्या.

औषधाच्या बाटल्या साठवू नका. सुरुवातीला तीनच जागा असतात. त्या भरलेल्या असताना चौथी बाटली मिळाली की एक सोडावीच लागते. एलिटसमोर किंवा अडचणीच्या टर्नला बाटली वापरा. बाटली वापरून १५ जीवनशक्ती वाचली तर पुढच्या शेकोटीवर विश्रांतीऐवजी पान सुधारता येतं. एका बाटलीने दोन कामं होतात.

बॉसनंतर मिळणाऱ्या रेलिकांपैकी काही दर टर्नला एक जादा एनर्जी देतात आणि बदल्यात काहीतरी काढून घेतात: ‘कॉफी ड्रिपर’ शेकोटीवरची विश्रांती, ‘फ्यूजन हॅमर’ पान सुधारणं, ‘सोझू’ बाटल्या मिळणं. तीनची एनर्जी चार होणं फार मोठं असतं, पण काय गमावतो आहोत ते आपल्या डेककडे पाहून ठरवा. डेक पुरेसा सुधारलेला असेल तर ‘फ्यूजन हॅमर’ जवळजवळ फुकटात पडतं.

हरल्यावर करायचं काम

हरलात की लगेच नवा डाव सुरू करू नका. खेळ तुमच्या प्रत्येक चढाईची नोंद ठेवतो. ती उघडा आणि प्रत्येक मजल्यावर किती जीवनशक्ती गेली ते पाहा. बहुतेक वेळा मरण ज्या लढाईत आलं ती खरी चूक नसते. चूक तीन-चार मजले आधी असते. जी लढाई १० मध्ये आटपायला हवी होती तिने ३५ घेतले, तर तिथे काय कमी होतं? मार, ब्लॉक की सर्वांना एकदम लागणारं पान? त्याआधी नाकारलेल्या पानांत त्याचं उत्तर होतं का? नोंदीत घेतलेली पानं आणि नाकारलेली पानं दोन्ही दिसतात.

आणखी एक सराव करा. एखादी लढाई चालू असताना खेळ जतन करून बाहेर पडलात आणि परत आलात, तर ती लढाई पहिल्यापासून सुरू होते आणि सुरुवातीचा हातही तोच येतो. विक्रमासाठी खेळताना हे करू नये, पण शिकताना यासारखा गुरू नाही. तोच हात, तोच शत्रू, आणि निर्णय वेगळा. कोणत्या एका खेळीने वीस जीवनशक्ती वाचली असती, हे डोळ्यांनी दिसतं.

आयर्नक्लॅडने एकदा जिंकलात की इतर पात्रांकडे वळा. सायलेंट विष आणि लहान पानांचा खेळ शिकवते, डिफेक्ट ऊर्जेच्या गोळ्यांचा, आणि वॉचर क्रोध आणि शांती या दोन पवित्र्यांचा. क्रोधात तुमचा मार दुप्पट होतो आणि तुम्हाला बसणाराही. असेन्शनच्या पायऱ्या मात्र एकेक करूनच चढा, कारण प्रत्येक पायरी तुमच्या एखाद्या ढिलाईची किंमत वाढवते आणि ती ढिलाई कोणती हे तिथेच कळतं.

आज डाव सुरू कराल तेव्हा एवढंच करा: पहिल्या लढाईनंतर तीन पानं समोर आली की हात आवरा, नकाशा उघडा, टोकाचा बॉस आणि वाटेतले एलिट पाहा, आणि मग निवडा. हीच कृती प्रत्येक पानाच्या वेळी. तसं केलंत तर हरलात तरी का हरलात ते सांगता येईल, आणि ज्याला ते सांगता येतं त्याचा पुढचा डाव आधीच्यापेक्षा वर जातो.